३४३ मतं आणि एक खुर्ची: गव्हर्नरच्या तिकिटाची लढत वाचायची कशी?

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्य कोपऱ्यात थॉमस नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, पण वस्ती अगदी विरळ. थॉमस काउंटीत गव्हाची शेतं अफाट आणि माणसं आठ हजारांच्या आसपास. ऑगस्ट २०१८ मध्ये या काउंटीतला एक आकडा अमेरिकाभर गाजला. राज्याच्या संकेतस्थळावर गव्हर्नरपदाच्या तिकिटाचे एक इच्छुक जेफ कॉलियर यांच्या नावापुढे ४२२ मतं दाखवली होती. काउंटीच्या स्वतःच्या निकालात ती ५२२ होती.

एवढी एका अंकाची चूक एरवी कुणाच्या लक्षातही आली नसती. पण त्या घडीला त्यांचे प्रतिस्पर्धी क्रिस कोबाक यांची राज्यभरातली आघाडीच मुळी १९१ मतांची होती. चूक दुरुस्त झाली आणि ती ९१ वर आली.

ही लढत रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांच्यातली नव्हती. गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षाचं तिकीट कुणाला, एवढंच ठरायचं होतं. २०२६ मध्ये अमेरिकेतल्या ३६ राज्यांत गव्हर्नर निवडायचे आहेत, त्यात कॅन्ससही आहे. अशा वर्षी बातम्यांत एकच प्रश्न फिरत असतो, ‘अमुक राज्यात तिकीट कोण मारणार?’ तिथे राहणारे आपले लोकही फोनवर हेच विचारतात. नाव सांगून मोकळं होण्यापेक्षा अंदाज कसा बांधायचा हे समजून घेणं मला महत्त्वाचं वाटतं. त्यासाठी कॅन्ससच्या २०१८ च्या लढतीइतका चांगला धडा मला दुसरा माहीत नाही.

गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे

मराठी बातम्यांत ‘गव्हर्नर’चं भाषांतर सर्रास ‘राज्यपाल’ करतात आणि वाचकाचा पहिला गोंधळ तिथेच होतो. आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी थेट निवडलेला असतो आणि राज्याचा कारभार खऱ्या अर्थानं तोच चालवतो. अधिकाराच्या दृष्टीनं तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, फक्त आमदारांच्या बहुमतावर टिकून नसलेला. अर्थसंकल्प मांडणं, विधेयकावर सही करणं किंवा ते नाकारणं, खातेप्रमुख नेमणं ही सगळी कामं त्याची. शाळांना किती पैसा, रस्त्यांना किती, कर वाढवायचा की कमी करायचा, यात त्याचा शब्द जड असतो. म्हणून या खुर्चीसाठी एवढी झटापट.

प्रायमरी: तिकीटवाटप लोकांच्या हाती

आपल्याकडे विधानसभेचं तिकीट कोण देतं? पक्षश्रेष्ठी. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसांत कुणाच्या हातात एबी फॉर्म पडला हे पाहायला पत्रकार उमेदवारांच्या दारात उभे असतात. ज्याला तो कागद मिळतो तो अधिकृत उमेदवार. ज्याला मिळत नाही तो रुसतो किंवा बंडखोरी करतो.

अमेरिकेत हा कागद मतदार वाटतात, असं समजा. नोव्हेंबरमधल्या मुख्य निवडणुकीआधी काही महिने पक्षाच्या इच्छुकांची आपसात एक निवडणूक होते. हीच प्रायमरी. तीही सरकारी यंत्रणाच घेते, मतपत्रिका छापून, केंद्रं मांडून. विस्कॉन्सिननं १९०३ मध्ये राज्यभरासाठी असा कायदा केला आणि पुढच्या काही वर्षांत ही पद्धत देशभर पसरली. बंद खोलीत चार पुढाऱ्यांनी उमेदवार ठरवायचा, त्याविरुद्धचा तो उठाव होता.

ज्या राज्यात एका पक्षाचं पारडं कायम जड असतं, तिथे प्रायमरीलाच मुख्य निवडणुकीचं मोल येतं. कॅन्ससनं १९३२ नंतर एकही डेमोक्रॅट सिनेटर वॉशिंग्टनला पाठवलेला नाही. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प तिथे सुमारे २० टक्क्यांच्या फरकानं जिंकले. अशा ठिकाणी लोक म्हणतात, ‘ज्याला रिपब्लिकन तिकीट, तो गव्हर्नर.’ हे वाक्य लक्षात ठेवा, त्याकडे परत यायचं आहे.

अंदाज बांधणारे नेमकं करतात काय?

यासाठी तिकडे वापरतात तो ‘हँडिकॅपिंग’ हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला आहे. आपल्या महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जाणाऱ्यांना तो ठाऊक असतो. तिथे तगड्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देऊन शर्यत बरोबरीची करतात. राजकारणात अर्थ थोडा बदलला. कोणत्या उमेदवाराच्या पाठीवर किती ओझं, कुणाच्या अंगात किती दम आणि मैदान कसं, हे पाहून कुणाची शक्यता किती ते सांगायचं.

शक्यता आणि भविष्य यांत फरक आहे. हवामान खातं ‘पावसाची ७० टक्के शक्यता’ म्हणतं आणि दिवस कोरडा जातो, तेव्हा आपण खातं चुकलं म्हणतो. पण अशा दहा दिवसांपैकी तीन कोरडे जाणारच होते.

पहिला प्रश्न: मतदानाला येतं कोण?

सगळ्यात मोठी चूक इथे होते. लोक विचारतात, ‘राज्यात लोकप्रिय कोण?’ विचारायला हवं, ‘जे येणार आहेत त्यांच्यात लोकप्रिय कोण?’

तुमच्या सोसायटीत समजा १२० घरं आहेत. वार्षिक सभेला येतात ३५ जण. त्यातले २० जण दर वर्षी येणारे, पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत प्रत्येक गोष्टीवर ठाम मत असलेले. सेक्रेटरी कोण होणार हे त्या २० जणांच्या मनात काय आहे त्यावर ठरतं. लिफ्टमध्ये ज्याला सगळे हसून नमस्कार करतात, तो निवडून येईलच असं नाही.

कॅन्ससची लोकसंख्या २९ लाखांच्या घरात. २०१८ च्या रिपब्लिकन गव्हर्नर प्रायमरीत मतं पडली साधारण ३ लाख १७ हजार. जिंकणाऱ्याला मिळाली सव्वा लाखाहून थोडी जास्त. नोव्हेंबरमध्ये त्याच पदासाठी साडेदहा लाखांच्या आसपास लोकांनी मत दिलं. म्हणजे तिकीट ठरवणारे आणि गव्हर्नर ठरवणारे हे दोन वेगवेगळ्या आकाराचे आणि वेगवेगळ्या स्वभावाचे गट होते. ऑगस्टच्या उन्हात, शाळा सुरू व्हायच्या धांदलीत, पक्षाच्या आतल्या निवडणुकीला जो वेळ काढतो त्याला राजकारणाची मनापासून ओढ असते. तो सरासरी मतदारापेक्षा वयानं मोठा आणि मतांनी जास्त ठाम असतो.

शिवाय मत कुणी द्यायचं याचे नियम राज्यागणिक निराळे. जॉर्जियात मतदाराच्या नावापुढे पक्षाची नोंदच नसते. प्रायमरीच्या दिवशी कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं. कॅन्ससमध्ये पक्षाची नोंद असते. डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्याला रिपब्लिकन प्रायमरीत मत देता येत नाही आणि १ जूननंतर पक्ष बदलताही येत नाही. मात्र कुठल्याच पक्षाची नोंद नसलेला माणूस आयत्या वेळी पक्ष निवडू शकतो.

माझा मावसभाऊ कॅन्ससमधल्या ओव्हरलँड पार्कला राहतो. नागरिकत्व मिळाल्यावर त्यानं मुद्दामच कोणत्याही पक्षाची नोंद केली नव्हती. प्रायमरीच्या दिवशी तो केंद्रावर गेला तेव्हा टेबलामागच्या बाईंनी एक छोटा फॉर्म पुढे केला. मत द्यायचं तर आधी पक्ष लिहा. तो म्हणतो, “पेन हातात घेऊन मी दोन मिनिटं नुसता उभा होतो, रे. मत गुप्त असतं, पण पक्ष कागदावर राहतो.” शेवटी त्यानं रिपब्लिकन असं लिहिलं, कारण खरा निर्णय तिथेच होणार असं त्याला वाटत होतं. त्याच्यासारख्या किती जणांनी फॉर्म भरला आणि किती जण तसेच मागे फिरले, हे अंदाज बांधणाऱ्याला आधी कळत नाही. जिथे निकाल शेकड्यांवर लागतो, तिथे ही दोन मिनिटं मोलाची असतात.

दुसरा प्रश्न: रिंगणात किती जण?

दोघांत लढत असेल तर निम्म्याहून जास्त मतं लागतात. पाच जण असतील तर तिशीच्या पुढे गेलेलाही जिंकतो, कारण बहुतेक राज्यांत ज्याला सर्वाधिक मतं त्याला तिकीट.

केंटकीत २०१५ मध्ये हेच झालं. जेम्स कोमर आणि हाल हाइनर या दोघांत जुंपली, जाहिराती कडवट होत गेल्या. मॅट बेव्हिन यांनी एक जाहिरात काढली, त्यात या दोघांना पोरांसारखं एकमेकांवर अन्न फेकताना दाखवलं होतं. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. बेव्हिन आणि कोमर दोघेही ३३ टक्क्यांजवळ थांबले, हाइनर २७ वर. दोन लाखांहून जास्त मतांत बेव्हिन फक्त ८३ मतांनी जिंकले आणि त्याच वर्षी गव्हर्नर झाले.

कॅन्ससमध्ये दोन मुख्य उमेदवार होते. जेफ कॉलियर हे पेशानं प्लास्टिक सर्जन आणि पदावर असलेले गव्हर्नर, पण निवडून आलेले नव्हते. आधीचे गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक जानेवारी २०१८ मध्ये राजदूतपदावर गेले आणि उपगव्हर्नर कॉलियर आपोआप वर सरकले. ब्राउनबॅक यांच्या मोठ्या करकपातीनंतर राज्याच्या तिजोरीचे हाल झाले होते. २०१७ मध्ये त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळानं त्यांचा विरोध डावलून ती कपात मागे घेतली होती. या सगळ्याचं ओझं कॉलियर यांच्या पाठीवर होतं. समोर होते क्रिस कोबाक, राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निवडणुकांवर देखरेख करणारे मंत्री. स्थलांतरितांविरुद्धच्या कडक भूमिकेमुळे ते देशभर ओळखले जात.

निकाल लागला तेव्हा दोघंही ४० टक्क्यांच्या किंचित वर होते. राज्याच्या सिनेटचे माजी सदस्य जिम बार्नेट यांना जवळपास ९ टक्के, विमा आयुक्त केन सेल्झर यांना जवळपास ८. पक्षात बार्नेट हे मवाळ मानले जात, कोबाक यांच्यापासून सगळ्यात लांबचे. ते रिंगणात नसते तर त्यांच्या मतदारांपैकी काही घरी बसले असते, पण जे आले असते ते बहुतेक कॉलियर यांच्याकडे गेले असते असं मला वाटतं.

आणखी एक उमेदवार मला विसरता येत नाही. कॅन्ससच्या कायद्यात तेव्हा गव्हर्नरपदासाठी वयाची अटच नव्हती. त्यामुळे १७ वर्षांचा एक शाळकरी मुलगा रिपब्लिकन प्रायमरीत उभा राहिला. त्याला स्वतःला मत द्यायचा हक्क नव्हता, पण २ हजारांहून जास्त मतं मिळाली. शेवटचा फरक होता ३४३ मतांचा, कोबाक यांच्या बाजूनं. पुढच्या निवडणुकांसाठी राज्यानं किमान २५ वर्षांची अट घातली.

इतक्या कमी फरकात ‘अमक्यामुळे हरले’ हे वाक्यच फसवं होतं. तो शाळकरी मुलगा, बार्नेट, केंद्रावरून मागे फिरलेला एखादा मतदार, पाऊस, रहदारी, यातलं काहीही कारण म्हणून पुढे करता येतं आणि प्रत्येक वेळी ते खरं ठरतं. म्हणून निकालानंतर एकच कारण ठामपणे सांगणाऱ्याचं ऐकताना आधी फरक किती होता ते बघावं.

जिथे पन्नास टक्के लागतात

दक्षिणेकडच्या काही राज्यांत निम्म्याहून जास्त मतं मिळाल्याशिवाय तिकीट नाही. कुणालाच तेवढी मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांची पुन्हा लढत होते, तिला रनऑफ म्हणतात. इथे पहिल्या फेरीतली आघाडी भुलवते. जॉर्जियात २०१८ च्या मे महिन्यात तेव्हाचे उपगव्हर्नर केसी केगल ३९ टक्क्यांवर होते आणि ब्रायन केम्प २६ च्या आसपास. जुलैच्या दुसऱ्या फेरीत केम्प यांना ६९ टक्के मिळाले. मधल्या काळात केगल यांचं गुपचूप केलेलं ध्वनिमुद्रण बाहेर आलं होतं आणि मतदानाच्या आठवडाभर आधी ट्रम्प यांनी केम्प यांना पाठिंबा दिला होता. पण त्याआधीही एक गोष्ट स्पष्ट होती. पहिल्या फेरीत ६१ टक्के लोकांनी केगल यांना नाकारलं होतं. तेव्हा ज्याचं नाव सगळ्यांना आधीच माहीत आहे, त्याला पहिल्या फेरीत मिळालेली मतं हे बहुतेक वेळा त्याचं छप्पर असतं.

‘ट्रम्प ज्याच्या बाजूनं तो जिंकणार, मग बाकी हिशेब कशाला?’

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. रिपब्लिकन प्रायमरीत ट्रम्प यांच्या जाहीर पाठिंब्याचं वजन मोठं आहे, यात वाद नाही. पण २०२२ चा मे महिना आठवा. नेब्रास्कात त्यांनी चार्ल्स हर्बस्टर यांना पाठिंबा दिला, तिकीट जिम पिलन यांना मिळालं. आयडाहोत पाठिंबा जॅनिस मॅगीहिन यांना, जिंकले पदावरचे ब्रॅड लिटल. जॉर्जियात पाठिंबा डेव्हिड पर्ड्यू यांना, आणि केम्प, जे तोवर गव्हर्नर होते, ७० टक्क्यांच्या पुढे गेले. एकाच महिन्यात गव्हर्नरपदाच्या तीन लढतींत पाठिंबा अपुरा पडला.

फरक मला असा दिसतो. पदावर बसलेला गव्हर्नर लोकांच्या ओळखीचा असेल, कारभार ठीक चालला असेल, तर मतदार बाहेरून आलेल्या शिफारशीवर त्याला सहसा काढत नाही. खुर्ची रिकामी असेल आणि चार सारखेच चेहरे समोर असतील, तेव्हा शिफारस निवड सोपी करते. लग्न ठरवताना स्थळ अनोळखी असेल तर मामाच्या शब्दाला किंमत येते. मुलगा शेजारचाच असेल तर मामाला कुणी विचारत नाही.

कॅन्ससमध्ये ट्रम्प यांनी कोबाक यांची बाजू घेतली ती ६ ऑगस्टला, मतदानाच्या आदल्या दिवशी. तोवर आगाऊ मतदान करणाऱ्यांची मतं पेटीत पडली होती. कॉलियर यांच्यामागे ज्येष्ठ नेते बॉब डोल होते. त्यामुळे पाठिंबा कुणाचा याइतकंच तो कधी आला हेही पाहावं लागतं.

सर्वेक्षणं: शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत त्याच भांड्यातलं हवं. प्रायमरीची अडचण हीच की भांडं कुठलं ते मतदानाच्या दिवशीच कळतं. सर्वेक्षण करणारा फोनवर विचारतो, ‘तुम्ही मत देणार का?’ बहुतेक जण हो म्हणतात. त्यातले बरेच जात नाहीत.

दुसरं म्हणजे आकडा लहान असतो. ४०० जणांना विचारलं तर चुकीला साधारण ५ टक्के इकडे आणि ५ टक्के तिकडे एवढी जागा धरावी लागते. अशा सर्वेक्षणात कुणी ३ टक्क्यांनी पुढे दिसला तर ‘दोघे बरोबरीत’ असं वाचायचं. आणि पंचवीस-तीस टक्के लोक ‘अजून ठरवलं नाही’ म्हणत असतील, तर पहिल्या क्रमांकापेक्षा त्या आकड्याकडे जास्त लक्ष द्यायचं.

पैशाबद्दल थोडक्यात

पैसा नाव घरोघरी पोचवतो, पसंती आणतोच असं नाही. टेनेसीत २०१८ मध्ये रँडी बॉइड यांनी स्वतःच्या खिशातून प्रचंड पैसा ओतला. डायन ब्लॅक यांच्यामागे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष होते. ते दोघे एकमेकांवर तुटून पडले आणि तिकीट बिल ली यांना मिळालं. त्यांनी कुणावर चिखलफेक केली नव्हती.

‘रिपब्लिकन राज्यात शेवटी रिपब्लिकनच ना?’

मघाचं वाक्य आठवा, ज्याला तिकीट तो गव्हर्नर. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅन्ससनं डेमोक्रॅट लॉरा केली यांना ४८ टक्के मतं दिली, कोबाक यांना ४३. अपक्ष ग्रेग ऑर्मन यांना साडेसहा. रिपब्लिकन पक्षाचे माजी गव्हर्नर बिल ग्रेव्ह्ज आणि माजी सिनेटर नॅन्सी कॅसेबॉम यांनी उघडपणे केली यांची बाजू घेतली होती. पक्षाचे जुने लोक शेजारच्या मांडवात जाऊन बसले, तेव्हा सामान्य मतदारालाही वाट मोकळी झाली.

ऑगस्टमधल्या सव्वा लाखाची पसंती नोव्हेंबरमधल्या साडेदहा लाखांना रुचली नाही. गव्हर्नर निवडताना लोक दिल्लीचा, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनचा, हिशेब थोडा बाजूला ठेवतात आणि मुलाच्या शाळेचा विचार करतात. म्हणून चांगला अंदाज दोन खाती वेगळी ठेवतो. तिकीट कोण मारणार हे एक, आणि तिकीट घेऊन निवडून कोण येणार हे दुसरं. २०२२ मध्येही केली जिंकल्या, सव्वादोन टक्क्यांच्या आसपास फरकानं.

‘मग आपली पद्धतच बरी, श्रेष्ठींनी ठरवलेली’

हे मला पटत नाही. श्रेष्ठींनाही जिंकून येणारा ओळखता येतो असं नाही, आणि त्यांच्या चुकीची मतं मोजून कुणी दाखवत नाही. थॉमस काउंटीतली चूक सापडली कारण कागद दोन ठिकाणी होता आणि कुणीही दोन्ही ताडून पाहू शकत होतं. स्वतःच्याच निवडणुकीच्या मोजणीवर आपली देखरेख, यावर टीका झाली तेव्हा कोबाक त्या कामातून बाजूला झाले. १४ ऑगस्टला कॉलियर यांनी पराभव मान्य केला आणि फेरमोजणी मागितली नाही. एबी फॉर्मच्या रात्री यातलं काहीच लोकांना दिसत नाही.

या वेळी मी आधी काय बघणार?

कॅन्ससमध्ये सलग दोनच कार्यकाळ मिळतात, त्यामुळे केली २०२६ मध्ये उभ्या राहू शकत नाहीत. खुर्ची रिकामी आहे. मी आधी रिंगणात शेवटपर्यंत किती जण टिकतात ते मोजेन, मग पाठिंब्याची तारीख बघेन, सर्वेक्षणं सगळ्यात शेवटी.

आणि एक बदललेला नियम डोळ्यांपुढे ठेवेन. २०१८ मध्ये मतदानाच्या दिवसापर्यंत पोस्टाचा शिक्का बसलेली पाकिटं पुढच्या तीन दिवसांत पोचली तरी मोजली जात. ३४३ पर्यंतच्या मोजणीत ती पाकिटंही होती. २०२५ मध्ये विधिमंडळानं केली यांचा नकार डावलून ही सवलत काढून टाकली. आता मतदान संपायच्या वेळेपर्यंत, म्हणजे संध्याकाळी ७ पर्यंत, पाकीट कचेरीत पोचलंच पाहिजे. मावसभावाला मी तेवढंच कळवलं आहे, की पोस्टानं मत देणार असशील तर आठवडाभर आधी टाक.